खूण राहणार नाही

संपादकांचा निरोप आला, "मेस्त्री, दिवाळी अंकासाठी लिहा, पण सणाचा अंक आहे, जरा गोड लिहा." गोड पाहिजे तर हलवायाकडं जायचं होतं, माझ्याकडं कशाला आलात? मी गॅरेजवाला माणूस. चाळीस वर्षं जुन्या मोटारसायकली उघडल्या आणि जोडल्या, आणि त्या चाळीस वर्षांत माझं डोकं थंड असलेलं कुणी पाहिलेलं नाही. बायको विचारते, इंजिन तापलं की तुम्ही ते बंद करून ठेवता, स्वतःला का ठेवत नाही? 

सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडच्या बोळात माझं दुकान. घरात आम्ही तेलुगू बोलतो, दुकानात मराठी आणि भंगार बाजारात उर्दू. वडील चादरीच्या मागावर होते, मला मागाच्या खडखडाटापेक्षा इंजिनाचा आवाज बरा वाटला. दुकानावर पत्र्याची पाटी होती, पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, पेंटरनं हातानं काढलेली. 'नरसू मेस्त्री. जुन्या गाड्या नव्या होतील. पोचा काढून मिळेल, खूण राहणार नाही.' शेवटची ओळ मी स्वतः सुचवलेली. लई अभिमान होता मला त्या ओळीचा.

पोचा म्हणजे पत्रा चेपून आलेला खड्डा. मडगार्डचा पोचा कुणीही काढेल, मागनं लाकडी हातोडी लावली की झालं. पेट्रोलच्या टाकीचा पोचा काढायला कसब लागतं, कारण टाकीच्या आत हात जात नाही. टाकीच्या तोंडातनं वाकडी सळई घालायची, बोटानं बाहेरून जागा चाचपत आतनं दाबायचं, एका वेळी तांदळाच्या दाण्याइतकं. जास्त दाबलं तर खड्ड्याचं टेंगूळ होतं. बाकीचे लोक एवढे कष्ट घेत नाहीत, खड्ड्यात लांबी, म्हणजे पुटी, भरतात, वर रंग मारतात आणि सहा महिन्यांनी लांबीचा पोपडा गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडतो. मी कधी लांबीवर धंदा केला नाही.

आता गिऱ्हाइकांचं सांगतो, म्हणजे माझं डोकं का फिरतं ते कळेल. एक पोरगा आजोबांची चांगली चालती गाडी घेऊन आला आणि म्हणाला, मागनं चेसिस कापा, मोबाइलवर दाखवायला भारी दिसते. अरे, चेसिस म्हणजे गाडीचा कणा! मी त्याला म्हटलं, आधी आजोबांना विचारून ये तुझा कणा कापू का. तो परत आला नाही. दुसरा एक साहेब, नवी कोरी टाकी आणून म्हणाला, हिच्यावर गंज रंगवून द्या. गंज! आम्ही आयुष्यभर गंज घासून बोटं सोलून घेतली आणि हा माणूस पैसे देऊन गंज मागतोय. त्याला मी बोळाच्या तोंडापर्यंत सोडून आलो, म्हणजे हाकलूनच दिला.

अशा लोकांमुळं मी एक नियम केला होता. गिऱ्हाइकाचं ऐकायचं नाही, गाडीचं ऐकायचं. या नियमानं माझं नाव झालं. आणि याच नियमानं मी माती खाल्ली, तीच गोष्ट सांगायची आहे.

गेल्या वर्षी एक बाई छोट्या टेंपोत मोटारसायकल घालून आल्या. सरकारी दवाखान्यात सिस्टर, पन्नाशीच्या आसपास, उंचीनं बेताच्या. आडनाव कांबळे. गाडी जुनी, दोन सायलेन्सरची टू-स्ट्रोक. जिचा किकचा आणि गियरचा दांडा एकच असतो, आधी किक मारायची आणि मग तोच दांडा पुढं पाडून गियर टाकायचे. जाणकारांना एवढ्यावर कळलं असेल. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. गाडी पंधरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, सायलेन्सरात उंदरांचा संसार होता.

"मेस्त्रीकाका," सिस्टर म्हणाल्या, "ही माझ्या बाबांची गाडी. बाबा रेल्वेत फिटर होते, गेल्या साली गेले. पहिल्या स्मृतिदिनाला मला हीच गाडी चालवत आमच्या गावाला जायचंय. जेऊर स्टेशनापासून आत आहे गाव. पण पोरगी शिकतीये, माझा हात आखडता आहे. चमकवू नका, फक्त चालती करा. मला झेपेल अशी करा. आणि टाकीला काही करू नका."

चमकवू नका, चालती करा! चाळीस वर्षांत असं म्हणणारं हे पहिलं गिऱ्हाईक. मी जीव टाकला त्या गाडीवर. कमी पैशात जुनी गाडी उभी करायची तर कुठं हात आखडायचा आणि कुठं नाही हे कळलं पाहिजे. ब्रेक, टायर आणि वायरिंग यांत काटकसर केली तर माणूस मरतो. बाकी सगळ्यात करता येते. पिस्टन मिळेना, तर दुसऱ्या गाडीचा लेथवर तासून बसवला. कॉइल स्कूटरची लावली. क्रोम परवडत नव्हतं म्हणून मडगार्डं काळी केली, आणि खरं सांगतो, ती क्रोमपेक्षा बरी दिसली. सिस्टरांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीटचा फोम कापून बसका केला, हँडल जरा मागं ओढून घेतलं. किकचा दांडा दोन बोटं लांब केला, म्हणजे कमी जोरात इंजिन फिरेल.

राहिली टाकी. तिचं बूड गंजून चाळण झालं होतं. पाणी भरलं तर सात-आठ ठिकाणी थेंब सुटले. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर काय होतं हे सांगायला नको. वर डाव्या अंगाला पुढं चांगला वाटीएवढा पोचा. 'टाकीला काही करू नका' हे मला आठवत होतं, पण मला वाटलं, पैसे वाचवायला म्हणतात बिचाऱ्या. सगळेच म्हणतात.

आमच्या धंद्यात अदलाबदल चालते. भंगार बाजारातल्या रफिकभाईकडं जुना भाग टाकायचा आणि त्याच्या ढिगातनं बरा भाग उचलायचा, वर माझ्यासारख्या जुन्या माणसाकडनं तो काही घेत नाही. मी टाकी त्याच्यापुढं टाकली आणि तसलीच धड टाकी घेऊन आलो. मरून रंग दिला, दोन्ही बाजूंना बारीक सोनेरी रेघ ओढली. बाईंना एक पैसा जास्त लावायचा नाही असं ठरवलं. मनात म्हटलं, बघून खूश होतील.

सिस्टर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या बाजूला थांबल्या, टाकीवर हात फिरवला, परत फिरवला.

"काका, ही कुणाची टाकी?"

"तुमचीच की आता."

"बाबांची कुठंय?"

मी सांगितलं. बाई मटकन स्टुलावर बसल्या. आणि मी काय करावं? मी चिडलो! "अहो बाई, चाळण झाली होती टाकीची! वाटेत पेट घेतला असता म्हणजे? फुकटात टाकी दिली, रेघ मारली, आणि वर तुम्ही तोंड पाडून बसताय?"

सिस्टर माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे, रुग्णाच्या नातेवाइकाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"काका, बाबांनी गाडी घेतली तेव्हा आमच्या वस्तीत कुणाकडं सायकल नव्हती धड. आईला मागं बसवून ते गावात गेले. आमच्या लोकांनी चावडीपुढनं गाडीवर बसून जायचं नाही, असा तिथला रिवाज होता. चार जण आडवे आले, म्हणाले, उतर, ढकलत ने. बाबा उतरले नाहीत. त्यांनी गियर टाकला आणि निघाले. मागनं नाही, बाजूनं दगड आला. गुडघ्याच्या पुढं टाकीवर बसला. हातभर मागं आला असता तर आईच्या मांडीत बसला असता. तरी बाबांनी गाडी थांबवली नाही. नंतर किती जणांनी सांगितलं, पोचा काढून घ्या. बाबा म्हणायचे, राहू दे, मी उतरलो नाही त्याची ती पावती आहे."

मी हातातला पाना खाली ठेवला.  माझ्या डोक्यावर माझीच पाटी होती, खूण राहणार नाही म्हणून सांगणारी. सोलापुरात राहून, सतरा जातींच्या लोकांच्या गाड्या दुरुस्त करून मला वाटत होतं, असलं काही आपल्याला ठाऊक असायची गरज नाही. त्या चार जणांचा राग आला, त्या गावाचा आला. गावाचं नाव इथं छापायला माझी काही हरकत नव्हती, बाईंनी नको म्हटलं म्हणून सोडलंय. पण सगळ्यात जास्त संताप माझा मलाच आला. त्या बाईनं एवढ्या कामात एकच गोष्ट करू नका म्हणून सांगितली होती, आणि नेमकी तीच मी केली होती.

"स्मृतिदिन कधी आहे?"

"पुढच्या रविवारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडताच रफिकभाईकडं गेलो. तो चहा पीत बसला होता.

"वो टाकी? वो तो गयी मेस्त्री. मोहोळ रोडपे नवा होटल खुल्या ना, उनों लेके गये. पुराना सामान पूछतेच फिर रै थे."

"कापली तर नाही ना?"

"नै नै, दीवारपे लगाने को लेके गये. आप कायकू इत्ता गरम हो रै?"

त्याची काय चूक? मीच नेऊन दिली होती. तरी त्याच्यावर ओरडलो आणि मग त्याचाच चहा पिऊन निघालो. सिस्टर ड्युटी संपवून दुपारी आल्या. त्यांच्या स्कूटीवर मागं बसून आम्ही मोहोळच्या वाटेला लागलो.

हॉटेल एकदम नवं. बाहेर बैलगाडीचं चाक, आत भिंतीवर कंदील, जातं, टाइपरायटर, तांब्याचे बंब. ज्या वस्तूंनी लोकांची आयुष्यं गेली त्या सगळ्या खिळ्याला टांगून त्यांच्याखाली लोक पनीर खात होते. आणि काउंटरच्या मागं आमची टाकी. मी बघितली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. टाकीवर तपकिरी रंगाचा खोटा गंज मारला होता आणि पोचे... मोजले, अकरा पोचे!

मालक तिशीतला, दाढी कोरलेला, बोलायला गोड. "काका, अँटिक पीस आहे. एकच पोचा होता, बरोबर लूक येत नव्हता. डेकोरेटरनं हातोडीनं अजून ठोकून घेतले. आता कसं, वापरल्यासारखं वाटतंय."

"वापरल्यासारखं?" माझा आवाज असा चढला की जेवणारी माणसं वळून बघायला लागली. "अरे, लोकांनी अंगावर झेललेलं तू हातोडीनं ठोकून घेतोस? तुझ्या त्या डेकोरेटरला आण माझ्यापुढं, त्याचाही लूक बदलून देतो!"

"काका, थांबा," सिस्टर म्हणाल्या. मग त्या मालकाला, "दादा, ती टाकी जरा खाली काढता का? पाच मिनिटं."

टाकी टेबलावर ठेवली. अकरा पोच्यांतनं खरा कोणता, हे मला ओळखू येईना. मी, ज्याचं आयुष्य पोच्यांत गेलं! डाव्या बाजूलाच पाच होते, आणि वर तो भिकार रंग. मी बोटांनी चाचपत होतो, कडा तपासत होतो. डेकोरेटरनं खऱ्या पोच्याच्या कडेवरच अजून दोन ठोके दिले असतील तर संपलंच.

सिस्टर म्हणाल्या, "बाबा मला पुढं टाकीवर बसवायचे. धरायला काही नसायचं, म्हणून मी डावा हात त्या खड्ड्यात ठेवायची. आत बरोबर बसायचा." त्यांनी टाकी स्वतःकडं वळवून घेतली, डोळे मिटले आणि हात खाली नेला. पहिल्या खड्ड्यावर थांबला नाही, दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यात उतरला आणि तिथंच राहिला.

"हा," त्या म्हणाल्या. "आता चारच बोटं बसतात."

मी खिशातला खडू काढला आणि त्या पोच्याभोवती गोल मारला. 

मालक माणूस वाईट नव्हता, पण धंद्याला पक्का होता. सिस्टरांनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं मान खाली घातली, आणि तरी म्हणाला, "ताई, तुमचं पटतंय हो. पण भिंतीवरची जागा रिकामी दिसणार. बदल्यात काहीतरी जुनं द्या, खरं जुनं." मी म्हटलं, मरून टाकी घे, सोनेरी रेघ आहे. तो म्हणाला, ती नव्यासारखी दिसते. बघा, माझं कसब मलाच नडलं.

मी त्याच पावली सोलापूरला आलो, शिडी लावली आणि पाटी उतरवली. चाळीस वर्षं ऊन खाल्लेली, खरी जुनी. सिस्टर खाली उभ्या राहून म्हणत होत्या, "काका, नका हो, दुसरं काहीतरी बघू." मी त्यांच्यावर खेकसलो, "पाटी माझी आहे, तुम्ही शिडी धरा!" पेंटर कधीच वारला, तशी अक्षरं आता कुणी काढत नाही, छापील फ्लेक्स लावतात. ती पाटी आज त्या हॉटेलात काउंटरच्या मागं लटकलेली आहे. लोक तिच्यासमोर फोटो काढतात म्हणे.

पाटी देऊन टाकी आणली आणि कामाला लागलो. टाकीत मूठभर नट टाकून हलवून हलवून आतला गंज पाडला. टाकी दोन दिवस पाण्यानं भरून ठेवली, कारण पेट्रोलच्या वासाजवळ ज्योत नेली तर टाकीचा बाँब होतो. मग बुडाला पितळेचे टाके दिले, आतनं लेप दिला, पाणी भरून बघितलं. एक थेंब सुटला नाही. आणि सळई घेऊन एक-एक पोचा काढला. दहा. डेकोरेटरला शिव्या घालत काढले, तेवढंच काम हलकं झालं. शेवटी खडूच्या गोलातला एक उरला. रंग देताना त्या खड्ड्यात ब्रश फिरवला तेव्हा हात शिवशिवत होता, सवय वाईट असते. चार दिवसांत मी ही टाकी केली, एरवी महिना लावला असता.

रविवारी सकाळी सिस्टर पांढरी साडी नेसून आल्या. वर हेल्मेट. पहिल्या किकला नाही, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. "काका, तुम्ही चला माझ्याबरोबर. वाटेत बंद पडली तर?" मी म्हटलं, माझी गाडी वाटेत बंद पडत नाही. पण पिशवीत पाने घातले आणि मागं बसलो. चौसष्टाव्या वर्षी बाईमाणसाच्या मागं बसून मोटारसायकलवर जाताना बोळातल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. मारू द्या.

गाडी मख्खन चालली. टेंभुर्णीला चहा झाला, जेऊरच्या पुढं आत वळलो. गावात शिरलो तेव्हा चावडीपुढं सात-आठ म्हातारी माणसं बसलेली. सिस्टरांनी वेग कमी केला आणि बरोबर चावडीपुढं गाडी उभी केली. इंजिन चालू. मला वाटलं, इथं उतरायचं असेल. मी उजवा पाय खाली टाकला.

पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा काठी टेकत जवळ आला. गाडी न्याहाळली, मान डोलावली. "लई झ्याक हाय की गाडी. कुणाची म्हनायची तुमी?"

सिस्टरांनी वडिलांचं नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं परत एकदा गाडीकडं बघितलं. मग टाकीकडं काठी करून म्हणाला, "तेवढा पोचा काडायचा ऱ्हायला जनू मेस्त्रीचा."

माझं डोकं सणकलं. तोंडापर्यंत आलं होतं, त्या म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढणार होतो. पण सिस्टरांनी मान वळवून माझ्याकडं एकदा बघितलं आणि मी दात आवळून बसलो.

"राहिला नाही आजोबा, ठेवलाय," त्या म्हणाल्या. "इथंच पडला होता. तुम्हाला आठवत असेल."

म्हाताऱ्यानं काठी खाली घेतली.  मागं बसलेल्यांपैकी कुणी नाही म्हणालं नाही, कुणी व्हय म्हणालं नाही. एक जण नुसता धोतराचा सोगा झटकत राहिला. शेवटी म्हातारा म्हणाला, "उतरा की बाई. च्या घ्या."

सिस्टरांचा डावा हात क्लचवरनं निघाला, टाकीवर आला, खड्ड्यात चार बोटं टेकली आणि परत क्लचवर गेला.

"नको," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी गियर टाकला.

मी खाली टाकलेला पाय वर घेतला.